फोन पुसण्याआधी: मुक्त स्रोत प्रणालीकडे वळताना

अँड्रॉइडचा गाभा मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वाचता आणि बदलता येईल असा असला, तरी बहुतेक नव्या फोनमध्ये त्यावर गूगल प्ले सर्व्हिसेसचा बंदिस्त थर असतो आणि फोन नुसता पडून असतानाही तो थर माहिती पाठवत राहतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये २०२१ साली झालेल्या मोजणीत वापरात नसलेले अँड्रॉइड फोन आणि आयफोन, दोन्ही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क साधताना आढळले.

तरीही लगेच फोन पुसून, म्हणजे त्यातले सारे काढून टाकून, नवी प्रणाली बसवायला घेऊ नये. आधी आहे त्याच फोनवर एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपचे भांडार बसवून महिनाभर नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स, ब्राउझरसाठी फायरफॉक्स आणि लॉगिनच्या दुसऱ्या पायरीला लागणाऱ्या संकेतांकांसाठी एजिस वापरून पाहावे. सवयी बदलल्या की प्रणाली बदलणे फारसे जड जात नाही. ज्यांच्यावाचून काम अडते अशा अ‍ॅपची यादीही याच काळात करावी, कारण काही बँकांची अ‍ॅप प्रणाली मूळचीच आहे का, ही गूगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी करतात आणि बदललेल्या प्रणालीवर चालण्यास नकार देतात.

कोणती प्रणाली घ्यायची, हे बऱ्याच अंशी हातातला फोनच ठरवतो. ग्राफीनओएस केवळ गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते. गूगलपासून सुटण्यासाठी गूगलचाच फोन घ्यावा लागतो, हा विनोद खरा असला तरी त्यामागे कारण आहे: नवी प्रणाली बसवल्यावर पिक्सेलचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा छोटा प्रोग्राम, पुन्हा कुलूपबंद करता येतो, त्यामुळे कोणी प्रणालीत फेरफार केला तर फोन सुरू होतानाच तो पकडला जातो. सायनोजेनमॉड ही आधीची अशीच प्रणाली बंद पडल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये पुढे आलेली लिनिएजओएस अनेक कंपन्यांच्या जुन्या फोनवर चालते, पण त्यांपैकी बहुतेकांवर बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. गूगलच्या सेवांऐवजी मायक्रोजी हा त्यांचा मुक्त स्रोत पर्याय वापरणारी ई-ओएस ही मधली वाट आहे. उबंटू टच किंवा पोस्टमार्केटओएस या संगणकावरच्या लिनक्सच्या धर्तीच्या प्रणाली रोजच्या एकमेव फोनवर घालण्याचा सल्ला मी देणार नाही.

जुना फोन विकत घेताना सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत आणि बूटलोडर उघडण्याची मुभा देणारे ओईएम अनलॉकिंगचे बटण चालू होते का, हे पाहावे. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या सेवेशी बांधून विकलेल्या काही फोनवर ते फिकट आणि निर्जीव दिसते. असा फोन घेऊ नये.

बूटलोडर उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. मी पहिल्यांदा छायाचित्रे आणि संपर्क जपून ठेवले, पण एजिसमधील संकेतांक बाहेर काढायला विसरलो आणि पुढचे काही दिवस स्वतःच्याच खात्यांच्या दारात उभा राहिलो. त्या संकेतांकांची फाइल संगणकावर उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ग्राफीनओएस क्रोमियमसारख्या ब्राउझरमधूनच बसवता येते. आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरून फोन सुरू करावा, चांगल्या केबलने तो थेट संगणकाला जोडावा आणि प्रणालीच्या संकेतस्थळावरील बटणे क्रमाने दाबत जावे. अनलॉकची परवानगी फोनच्या पडद्यावर मागितली जाते. आवाजाच्या बटणाने पर्याय निवडून पॉवरच्या बटणाने होकार द्यावा लागतो. मधेच काम अडले, तर संगणकाला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. शेवटी बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करण्याची पायरी टाळू नये. त्या वेळीही फोन पुसला जातो, म्हणून माहिती परत भरण्याची घाई त्याआधी करू नये. नंतर ओईएम अनलॉकिंगही बंद करावे.

गूगल प्ले लागतच असेल, तर ग्राफीनओएसमध्ये ते विशेष अधिकारांशिवाय, साध्या अ‍ॅपसारखे बसते. ते वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे फोनमधल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवणे मला सोयीचे वाटते. नवे अ‍ॅप बसवताना ही प्रणाली नेटवर्कची परवानगी द्यायची का, हेही विचारते. कीबोर्ड किंवा कॅल्क्युलेटर असेल, तर तिथे नाही म्हणावे.