जूकचा कोड जनरेटर प्रोजेक्टमधूनच चालवा

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात पतसंस्थांसाठी जावात सॉफ्टवेअर लिहिताना टेबलं सारखी बदलतात. पावतीवर सभासदाचं नाव मराठीत असतंच, ते कन्नडमध्येही हवं म्हटलं की वाढला एक कॉलम. अशा वेळी जूकचा (jOOQ, जावाची डेटाबेस लायब्ररी) टेबलांवरून जावा क्लास बनवणारा जनरेटर कुणीतरी आठवणीने चालवेल, यावर विसंबू नका.

एक छोटा मेन क्लास लिहा. आधी फ्लायवे या टूलने मायग्रेशन, म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल, चालवायचं, मग त्याच डेटाबेसचे तपशील ‘कॉन्फिगरेशन’ ऑब्जेक्टमध्ये भरून तो ‘जनरेशनटूल’च्या ‘जनरेट’ मेथडला द्यायचा. क्रम उलटला तर जुन्याच टेबलांवरून क्लास बनतात आणि नवा कॉलम कोडमध्ये दिसतच नाही. सेटिंगसाठी वेगळी एक्सएमएल फाइल लागत नाही. पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या.

हा मेन क्लास वेगळ्या मॉड्यूलमध्येच हवा. तयार होणारा कोड वापरणाऱ्या मॉड्यूलमध्ये तो ठेवलात, तर कोड नाही म्हणून कंपाइल नाही आणि कंपाइल नाही म्हणून कोड नाही, असा पेच पडतो.

फ्लायवे झालेल्या बदलांची नोंद ज्यात ठेवतं, ते हिस्टरी टेबल ‘एक्सक्लूड्स’मध्ये, म्हणजे वगळायच्या यादीत, टाका. तयार क्लास जिथे जातात त्या टार्गेट पॅकेजमध्ये हाताने लिहिलेली एकही फाइल ठेवू नका. जनरेटर ते पॅकेज आपणहून साफ करतो.