फवारणीआधी मोबाइल बघा

निफाडला माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. ढग दिसला की ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) काढायचा, ही सवय मी मोडली, तुम्हीही मोडा.

हवामान खात्याचं ‘मेघदूत’ अ‍ॅप घ्या, मराठी निवडा, जिल्हा टाका. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, वारा, आर्द्रताही दिसते. पाऊस तोंडावर असेल तर स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहणारं) औषध मारू नका. ते धुऊन ओढ्यात जातं, आणि त्याच ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी आमची पोरं पितात. जोराचा वारा असेल तरी थांबा. मात्र अंदाज मोठ्या भागाचा असतो, बागेचा नाही. पानं उलटून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे ठिपके स्वतः शोधा.

प्रत्येक फवारणी तारखेसह फोनमध्ये लिहा, म्हणजे काढणीपर्यंत किती दिवस गेले ते लगेच कळतं.