एक्सेप्शन पकडायचं कुठे आणि सोडायचं कुठे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मराठी माध्यमात शिकून इंजिनिअरिंगला आलेल्या मुलांना जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘थ्रो’ आणि ‘थ्रोज’मधला फरक परीक्षेपुरता येतो. एक्सेप्शन म्हणजे प्रोग्रॅम चालताना आलेल्या अडचणीची सूचना. थ्रो ते प्रत्यक्ष फेकतं. मेथड (प्रोग्रॅममधला एक ठरावीक काम करणारा भाग) ते फेकू शकते, हे थ्रोज जाहीर करतं. गाडी अडते ती पकडायचं कुठे यावर.

समजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्याची फाइल वाचून उसाचं बिल काढायचंय. फाइल सापडलीच नाही तर वाचणारी मेथड काय करणार? तिच्या हातात काहीच नाही. म्हणून तिथे ‘थ्रोज आयओएक्सेप्शन’ (फाइल वाचण्या-लिहिण्यातली अडचण) लिहा आणि ते वर, तिला बोलावणाऱ्या मेथडकडे, जाऊ द्या. स्क्रीन सांभाळणाऱ्या मेथडला दुसरी फाइल मागता येते, तेव्हा कॅच, म्हणजे एक्सेप्शन पकडणारा भाग, तिथे. कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) ओरडतो म्हणून रिकामा कॅच लिहिण्याची सवय फार महागात पडते: प्रोग्रॅम थांबत नाही, वजन शून्यच राहतं आणि चुकीचं बिल छापलं जातं.

मजकुरातल्या अंकांची पूर्णांक संख्या करणारी इंटिजर वर्गाची पार्सइंट मेथड अंक वाचता आले नाहीत तर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकते. ते रनटाइमएक्सेप्शनच्या कुळातलं, त्यामुळे कंपायलर त्याची आठवण करून देत नाही. फाइलीत मराठी किंवा कानडी अंक आले तर घाबरू नका, पार्सइंट तेही बरोबर वाचते. ती अडते रिकाम्या रकान्यावर, आकड्याला चिकटलेल्या स्पेसवर आणि ‘१,२००’मधल्या स्वल्पविरामावर. स्पेस ट्रिमने जाते. बाकीच्यांसाठी एक्सेप्शन वर्गाला एक्स्टेंड करून, म्हणजे त्यावर आधारून, स्वतःचं ‘वजननोंदएक्सेप्शन’ बनवा. कन्स्ट्रक्टरमध्ये फाइलीतला ओळ क्रमांक असलेला संदेश द्या आणि मूळ एक्सेप्शनही कॉज (कारण) म्हणून सुपरकडे, म्हणजे मूळ वर्गाच्या कन्स्ट्रक्टरकडे, पाठवा. कॉज विसरलात तर स्टॅक ट्रेसमधून (चूक कुठल्या मेथडमधून आली हे दाखवणाऱ्या यादीतून) खरी चूक गायब होते, आणि मग ती शोधण्यात रात्र जाते.

कॅचच्या क्रमात फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन आधी, आयओएक्सेप्शन नंतर. उलट लिहिलंत तर कंपाइलच होणार नाही. फायनलीमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या भागात) रिटर्न कधीच लिहू नका, वर निघालेलं एक्सेप्शन तिथेच गडप होतं. फाइल बंद करायला तर फायनली लागतही नाही: जावा ७ पासून ट्रायच्या कंसातच रीडर उघडला की तो आपोआप बंद होतो.

ओव्हरराइड करताना, म्हणजे मूळ वर्गातली मेथड सबक्लासमध्ये नव्याने लिहिताना, मात्र जपून. मूळ मेथडने जाहीर न केलेलं नवं चेक्ड एक्सेप्शन (कंपायलर ज्याची सोय करायला भाग पाडतो ते) सबक्लासच्या मेथडला जाहीर करता येत नाही, म्हणून थ्रोजचा विचार मूळ वर्ग लिहितानाच करा.