टेस्टिंगचा फोन सोवळ्यात ठेवू नका: ॲप तपासताना या चुका टाळा

"माझ्याकडे तर चालतंय." डेव्हलपरचं हे वाक्य ऐकलं की टेस्टरच्या कपाळावर आठी पडते. गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो. त्याच्या एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या नकली फोनवर, खरंच चालत असतं, टेस्टरच्या फोनवरही बरेचदा चालतं, आणि अडतं ते विरारहून चर्चगेटला निघालेल्या माणसाच्या फोनवर. कारण ऑफिसच्या ड्रॉवरमधला टेस्टिंगचा फोन अगदी सोवळ्यातला असतो: भाषा इंग्रजी, स्टोरेज रिकामं, मागेल ती परवानगी दिलेली, बॅटरी भरलेली आणि वायफाय ऑफिसचं. असा फोन मुंबईत कोणाच्या खिशात सापडायचा नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे. काही चुका मात्र निव्वळ घाईच्या, त्या आधी उरकून टाकू.

फोन जोडला, पण दिसत नाही

फोन दिसला नाही की अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअरच काढून पुन्हा टाकणारे लोक आहेत. सकाळ त्यातच जाते. आधी केबल बदला. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी काहींत डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो आणि माणूस फसतो. केबल बरी असेल तर कॉम्प्युटरवरून फोनशी बोलणाऱ्या एडीबी या टूलची 'एडीबी डिव्हायसेस' ही कमांड द्या आणि उत्तर नीट वाचा. यादी रिकामी असेल तर गडबड केबल, पोर्ट, बंद राहिलेलं यूएसबी डीबगिंग किंवा विंडोजवरचा ड्रायव्हर यांपैकी कशात तरी आहे. नावापुढे 'अनऑथोराइज्ड' असेल तर फोनच्या स्क्रीनवर परवानगीची चौकट आलेली असते, तिला 'हो' म्हणा. ती येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन आधीच्या डीबगिंग परवानग्या रद्द करा आणि केबल काढून पुन्हा लावा. 'ऑफलाइन' दिसत असेल तर एडीबीचा सर्व्हर बंद करून चालू करा. एकाच मशीनवर दोन टूल्सनी आपापली वेगळ्या व्हर्जनची एडीबी आणून ठेवली असेल तर दोघी ५०३७ या पोर्टवरून भांडतात आणि फोन सारखा येतो-जातो. एकच ठेवा.

शाओमीच्या फोनवर यूएसबी डीबगिंग चालू करूनही इन्स्टॉल अडतं, कारण 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हे वेगळं बटण आहे. हे ठाऊक नसलेला नवा मुलगा संध्याकाळपर्यंत बिल्डला, म्हणजे ॲपच्या तयार फाइललाच, दोष देत बसतो.

दरवेळी अनइन्स्टॉल करून मगच नवा बिल्ड टाकणे

ही सवय मला सगळ्यांत महागडी वाटते. सही (ॲप कोणी बनवलं हे सांगणारी डिजिटल खूण) जुळत नाही किंवा व्हर्जन जुनं आहे अशी तक्रार येते, म्हणून टेस्टर जुनं ॲप उडवतो आणि नवं टाकतो. तेवढ्यापुरतं काम होतं, पण तुमचे ग्राहक असं करत नाहीत. त्यांच्या फोनवर प्ले स्टोअर जुन्याच ॲपवर नवं चढवतं. जुना डेटाबेस, जुनं लॉगिन, जुन्या सेटिंग्ज तशाच राहतात. डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवला आणि मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत बसवणारा कोड) लिहायचं राहिलं, तर कोऱ्या इन्स्टॉलवर सगळं सुरळीत चालतं आणि अपडेट घेणाऱ्याच्या फोनवर ॲप उघडताच क्रॅश होतं. निदान एका फोनवर बाजारात असलेलं व्हर्जन ठेवा, त्यात लॉगिन करून चार दिवसांचा खराखुरा पसारा होऊ द्या आणि त्याच्यावरच नवं चढवून बघा. सही जुळत नसेल तर तो फोनचा दोष नाही. एक बिल्ड डीबग (बनवताना तपासण्यापुरत्या) चावीने सही केलेला आहे आणि दुसरा रिलीज चावीने. रिलीजच्या चावीने सही केलेला बिल्ड मागून घ्या.

एम्युलेटरचं म्हणणं कुठवर ऐकायचं

एम्युलेटरमध्ये लोकलहोस्ट ('हेच मशीन' असा पत्ता) म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, तो एम्युलेटर स्वतःच. लॅपटॉपवरच्या सर्व्हरपर्यंत जायचं तर पत्ता १०.०.२.२ असा द्यावा लागतो. तोच पत्ता खऱ्या फोनवर चालत नाही. तिथे 'एडीबी रिव्हर्स' वापरून पोर्ट जोडून घ्या. दोन्हीकडे पत्ता बरोबर असूनही कनेक्शन होत नसेल तर तो एचटीटीपीने सुरू होतो का ते पाहा. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. चार्ल्ससारखा प्रॉक्सी (ॲप आणि सर्व्हर यांच्या मधे बसून देवाणघेवाण दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून ट्रॅफिक पाहायला गेलात आणि सर्टिफिकेटची तक्रार आली, तर कारण अँड्रॉइड ७ मधलं आहे: वापरणाऱ्याने स्वतः टाकलेल्या सर्टिफिकेटवर ॲप आपोआप विश्वास ठेवत नाही. डीबग बिल्डच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये तशी सूट द्यावी लागते.

लोकेशनचा घोटाळा तर नेहमीचाच. काही सांगितलं नाही तर एम्युलेटर स्वतःला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला समजतो, म्हणून 'जवळची शाखा' रिकामी येते आणि बग नोंदवला जातो. कन्सोलवरून 'जिओ फिक्स' देताना आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यायचा असतो, आपल्या सवयीच्या नेमका उलट. मुंबईसाठी आधी ७२.८७ आणि मग १९.०७. उलटं टाकलंत तर तुमचा डिलिव्हरी बॉय नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उभा राहील.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. एम्युलेटर विचित्र वागायला लागला, घड्याळ मागे पडलं किंवा अचानक सर्टिफिकेट चालेनासं झालं, तर तो जुन्या स्नॅपशॉटवरून (साठवून ठेवलेल्या स्थितीवरून) उठलेला असतो. कोल्ड बूट करा, म्हणजे तो पूर्ण बंद करून नव्याने सुरू करा. आणि साध्या इंटेल लॅपटॉपवरचा एम्युलेटर एक्स८६ जातीच्या प्रोसेसरचा असतो, तर लोकांचे फोन एआरएम जातीचे. नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरसाठी बनवलेला कोड) वापरणारं ॲप एकावर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

फोनची भाषा मराठी करून न बघणे

मुंबईत बसून मुंबईकरांसाठी ॲप करणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये, पण सर्रास होते. 'भाषांतर झालंय, हिंदीत टेस्ट केलंय, मराठी तशीच' असा हिशोब असतो. मराठी तशीच नाही. फोनची भाषा मराठी केली की सिस्टिमच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे आकडेही देवनागरी होतात. हिंदीसाठी तो नियम इंग्रजी आकड्यांचा आहे. म्हणून हिंदीत सगळं पास होतं आणि मराठीत फुटतं.

कुठे फुटतं ते जवळून पाहू. रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायला डेव्हलपर स्ट्रिंग फॉरमॅट (आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन) वापरतो. मराठी फोनवर त्यातून '१५०.५०' देवनागरीत येतं. स्क्रीनवर ते छानच दिसतं. पण तीच स्ट्रिंग पुढे सर्व्हरला पाठवली किंवा परत डबलमध्ये (दशांश आकड्यात) बदलायला घेतली, की नंबर फॉरमॅट एक्सेप्शन. गोंधळ वाढतो तो याच्यामुळे, की पूर्णांक वाचणारं 'पार्स इंट' देवनागरी आकडे बिनतक्रार स्वीकारतं. म्हणजे १५० रुपयांचा रिचार्ज होतो आणि १५०.५० चं बिल अडकतं, आणि टेस्टर बिचारा पैशांच्या गेटवेकडे संशयाने बघत बसतो. तारखेचंही तेच: सर्व्हरला जाणारी तारीख फोनच्या भाषेत फॉरमॅट झाली की सर्व्हर ती नाकारतो. उपाय सोपा आहे. माणसाने वाचायचं ते फोनच्या भाषेत, मशीनने वाचायचं ते लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) रूट किंवा यूएस सांगून. आयफोनवर तारखेसाठी 'ईएन यूएस पॉझिक्स'. टेस्टरने मात्र मराठी फोनवर पैसे, तारीख, ओटीपी आणि अंतर असलेली प्रत्येक स्क्रीन शेवटच्या बटणापर्यंत नेऊन पाहायला हवी. पहिल्या स्क्रीनवर 'दिसतंय बरोबर' म्हणून सोडू नका.

मग अक्षरं. ओळीची उंची इंग्रजीला मापून ठेवलेली असते, त्यामुळे वरचा अनुस्वार आणि रफार कापले जातात: 'नोंदणी'ची 'नोदणी' आणि 'वर्ष'चं 'वष'. फोनचा फॉन्ट मोठा करून बघा, घरातले वडीलधारे तसाच वापरतात. नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवणारी ॲप्स श्रीकांतला नुसता 'श' देतात, आणि नाव अक्षरं मोजून कापलं तर ज्ञानेश्वर पाय मोडलेल्या 'ज्'वर येऊन थांबतो.

एअरप्लेन मोड म्हणजे नेटवर्क टेस्टिंग समजणे

नेट पूर्ण गेलेलं ओळखणं सोपं, ते सगळ्यांना जमतं. मुंबईत त्रास होतो अर्धवट नेटचा. संध्याकाळी दादरला पुलावर उभे राहा: काड्या भरलेल्या, वर फाइव्ह-जी लिहिलेलं, आणि डेटा सरकत नाही, कारण त्याच टॉवरवर अख्खं फलाट लटकलेलं असतं. रेल्वे स्टेशनांवरच्या गूगल-रेलटेलच्या मोफत वायफायची सुरुवात २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून झाली. अशा वायफायवर नंबर आणि ओटीपी देईपर्यंत फोन जोडलेला दिसतो पण पलीकडे इंटरनेट नसतं. 'वायफाय आहे का' एवढंच विचारणारं ॲप इथे गोल चक्र फिरवत बसतं. अँड्रॉइडवर नेटवर्क 'व्हॅलिडेटेड' (पलीकडे खरंच इंटरनेट असल्याचं तपासलेलं) आहे का हे विचारायची सोय आहे, ती वापरली आहे का ते डेव्हलपरला विचारा.

सगळ्यांत वाईट प्रसंग मधला: 'पैसे भरा' दाबलं, विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, आणि उत्तर यायच्या आत गाडी भुयारी मेट्रोच्या नेट नसलेल्या पट्ट्यात शिरली. ॲप म्हणतं 'अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा'. माणूस पुन्हा दाबतो. पैसे दोनदा गेले का? हे मुद्दाम करून बघायला हवं. प्रॉक्सीमध्ये सर्व्हरचं उत्तर अडवून धरा, टाइमआउट होऊ द्या आणि पुन्हा बटण दाबा. दोन्ही वेळा विनंतीचा ओळख क्रमांक एकच असेल आणि सर्व्हर त्यावरून दुसरी विनंती ओळखत असेल, तर ठीक. नाहीतर रिलीज थांबवा, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

केबल लावून बॅकग्राउंड तपासणे

अँड्रॉइड ६ पासून 'डोझ' आला. फोन पडून राहिला की बॅकग्राउंडची कामं थोपवली जातात. पण चार्ज होत असलेला फोन डोझमध्ये जात नाही, आणि टेस्टिंगचा फोन तर केबललाच बांधलेला. मग 'रिमाइंडर वेळेवर येतो' असं नोंदलं जातं आणि ग्राहकाला तो सकाळी उठल्यावर मिळतो. केबल न काढताही हे एडीबी शेलमध्ये तपासता येतं: 'डम्पसिस बॅटरी अनप्लग' आणि मग 'डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल'. काम झाल्यावर बॅटरी रीसेट करायला विसरू नका, नाहीतर पुढचा टेस्टर चार्जरच बिघडला म्हणून तो बदलत बसेल. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या फोनवर ऑटोस्टार्टची आपापली बंधनं असतात, ती एम्युलेटरवर दिसतच नाहीत.

ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो आणि परत येतो तेव्हा भरलेला फॉर्म कोरा. कमी रॅमच्या फोनवर हे रोज घडतं, कारण मधल्या वेळात सिस्टिमने ॲप मारलेलं असतं. ॲप बॅकग्राउंडला नेऊन एडीबी शेलमधून 'एएम किल' देऊन परत उघडा, लगेच कळेल. परवानग्यांचंही असंच: अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनलाही परवानगी मागावी लागते आणि लोक सरळ 'नको' म्हणतात. 'नको' म्हणून पुढे चालून बघा.

यासाठी एक हलका, कमी रॅमचा फोन हवाच. मनीष मार्केटमधून जुना घेतलात तरी चालेल, फक्त त्याचा डिस्प्ले बदललेला असू शकतो, म्हणून रंगाचे आणि टचचे बग त्याच्या जिवावर नोंदवू नका. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतून टच करून बघायला मात्र तोच कामाचा.

आयफोनबद्दल थोडं

सिम्युलेटर, म्हणजे मॅकवरचा नकली आयफोन, मॅकच्याच ताकदीवर चालतो, त्यामुळे त्याच्यावरचा वेग धरून चालू नका. मॅकची डिस्क सहसा लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, आयफोन करतो. फाइलच्या नावात एक कॅपिटल अक्षर इकडचं तिकडे झालं की चित्र सिम्युलेटरवर दिसतं आणि फोनवर गायब. आयओएस १६ पासून फोनवर डेव्हलपर मोड चालू करावा लागतो. आणि फुकटच्या ॲपल आयडीवर टाकलेलं ॲप ७ दिवसांनी उघडायचं बंद होतं, तो बग नव्हे.

'क्रॅश होतंय' एवढंच लिहिणे

तिकिटात (बगच्या नोंदीत) फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, फोनची भाषा, बिल्ड क्रमांक आणि नेट कुठलं होतं ते लिहा. वेळही लिहा, कारण रात्री १२ ते पहाटे ५.३० मध्ये यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे अजून कालचीच तारीख असते आणि त्या वेळातले बग सकाळी सापडत नाहीत. लॉगकॅट, म्हणजे फोनमधल्या घडामोडींची नोंद, लगेच काढा. त्याची जागा मर्यादित असते आणि नवा लॉग जुन्यावर चढत जातो. क्रॅशच्या लांबलचक मजकुरात पहिली ओळ नाही, सगळ्यांत खालचं 'कॉज्ड बाय' वाचा. लॉग तिकिटाला जोडण्याआधी त्यातले मोबाइल नंबर, ओटीपी आणि लॉगिनचे टोकन खोडून टाका. आणि ते लॉगमध्ये मुळात आलेच असतील, तर त्याचं वेगळं तिकीट टाका.