‘च’साठी ‘ओन्ली’ केव्हा वापरावे?

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यातून परदेशातील खरेदीदाराला गेलेले इंग्रजी पत्र माझ्याकडे तपासायला आले, तेव्हा फार उशीर झाला होता. त्यात वाक्य होते, ‘वी विल डिस्पॅच द टॉवेल्स ऑन फ्रायडे ओन्ली.’ लिहिणाऱ्याला ‘माल शुक्रवारीच पाठवतो’ अशी हमी द्यायची होती. वाचणाऱ्याने मात्र ‘शुक्रवार सोडून इतर दिवशी यांचा माल निघत नाही’ असा अर्थ घेतला आणि घाईचा माल दुसरीकडून मागवला. पत्रातले व्याकरण, स्पेलिंग सारे बरोबर होते. चूक एवढीच होती की मराठीतला ‘च’ जसाच्या तसा ‘ओन्ली’ झाला होता.

आपला ‘च’ दोन कामे करतो. ‘माझ्याकडे दोनच चादरी उरल्या’ यात तो मर्यादा घालतो, तर ‘मी येणारच’ यात तो जोर देतो. इंग्रजीतील ‘ओन्ली’ हा शब्द ‘वन’ म्हणजे ‘एक’ यापासून बनलेला असल्यामुळे त्याचा कल ‘एवढेच, याहून अधिक नाही’ या मर्यादेकडे असतो. नुसता जोर देण्याचे काम तो प्रमाण इंग्रजीत करत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी ‘च’ काढून तिथे ‘फक्त’ घालून पाहावे. ‘फक्त दोन चादरी उरल्या’ हे जुळते, तेव्हा ‘ओन्ली टू’ लिहावे. ‘मी फक्त येणार’ म्हटल्यावर अर्थ बदलतो, तेव्हा ‘आय विल डेफिनेटली कम’ लिहावे. ‘हे मीच केले’ याचे दोन अर्थ होतात: दुसऱ्या कोणी नव्हे, मी केले, असे सांगायचे असेल तर ‘इट वॉज मी हू डिड इट’, आणि कोणाची मदत न घेता केले असे सांगायचे असेल तर ‘आय डिड इट मायसेल्फ’. वरच्या पत्रात ‘वी विल डिस्पॅच द टॉवेल्स धिस फ्रायडे, विदाउट फेल’ एवढे पुरले असते.

या कसोटीला एक अपवाद आहे. ‘तो कालच आला’ यात ‘फक्त काल’ बसत नाही, तरीही ‘ही केम ओन्ली यस्टर्डे’ हे शुद्ध इंग्रजी आहे, कारण तिथे ‘फार दिवस झाले नाहीत’ ही काळाची मर्यादाच सांगितलेली असते.

सोलापूरकरांकडून ही चूक होते, याचे एक कारण आपल्या शहराच्या बोलण्यात आहे. इथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड कानावर पडतात. ‘मीच’ हे तेलुगूत ‘नेने’ आणि कन्नडमध्ये ‘नाने’ असे शब्दाच्या शेवटी ‘ए’ लावून होते. तिन्ही भाषांत जोर देणारा प्रत्यय शब्दामागे येतो, त्यामुळे ‘आय ओन्ली टोल्ड हिम’ किंवा ‘आय ॲम लिव्हिंग हियर ओन्ली’ अशी वाक्ये तोंडात सहज बसतात. आपसांत त्यांचा अर्थ लागतो. बाहेरच्या वाचकाला ती वेगळे काही सांगतात.

दुसरी काळजी जागेची घ्यावी. ‘ओन्ली शी सॉ द चादर’ म्हणजे चादर तिनेच पाहिली. ‘शी ओन्ली सॉ द चादर’ म्हणजे तिने चादर नुसती पाहिली, घेतली नाही. पण बोलताना याच वाक्यात शेवटच्या शब्दावर जोर दिला, तर तिने चादरच पाहिली, टॉवेल नाही, असाही अर्थ निघतो. कागदावर आवाज पोहोचत नाही, म्हणून लेखनात ‘ओन्ली’ ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या अगदी आधी ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

संख्येपूर्वी ‘ओन्ली’ आला की मराठीत ‘अवघा’ हा शब्द बहुधा चपखल बसतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये वारले, तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. इंग्रजीत ‘ही वॉज ओन्ली थर्टी-टू’.

‘तेव्हाच’साठी वाक्य ‘ओन्ली देन’ने सुरू केले, तर सहायक क्रियापद कर्त्याआधी आणावे: ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड.’ ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’, आणि ‘इफ ओन्ली’ म्हणजे ‘असे झाले असते तर!’ ही हळहळ. ‘ही रॅन टू द स्टेशन ओन्ली टू फाइंड दॅट द हुतात्मा एक्सप्रेस हॅड लेफ्ट’ या वाक्यात मात्र ‘फक्त’ किंवा ‘च’ शोधू नये. त्याचे मराठी असे आहे: तो धावत स्टेशनवर गेला, पाहतो तर हुतात्मा सुटलेली.

धनादेशावर ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ आणि दारावर ‘स्टाफ ओन्ली’ असे लिहिताना मात्र जागेचा वरचा आग्रह सोडून हा शब्द शेवटीच ठेवावा. धनादेशावर तो आपल्या पावतीवरील ‘अक्षरी रुपये पाच हजार मात्र’मधल्या ‘मात्र’चे काम करतो, म्हणजे पुढे कोणाला आकडा वाढवता येऊ नये.