रिकर्व्हची साइट: हात कधी लावायचा, कधी नाही

मराठवाड्यात धनुर्विद्येची सुरुवात बहुतेकांची इंडियन राउंडनं होते. बांबूचं किंवा लाकडी धनुष्य, ३० आणि ५० मीटरचं अंतर, नेम धरायची साइट नाही, धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नाही. नेम बाणाच्या टोकावरून. पोरगं जिल्ह्यातून राज्याला खेळून आलं की घरात विषय निघतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) आहे, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला जाऊन आला, मग आपलं का नको? सोयाबीनचे पैसे हातात आले की रिकर्व्हचा किट घरी येतो. आमच्या परभणीच्या मैदानावर असे किट बरेच उघडले गेलेत, आणि पोरांचा हात सगळ्यात आधी साइटकडे जातो. स्क्रू आहेत, आकडे आहेत, फिरवलं की टिकटिक वाजतं. खरं तर तिची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी.

साइट म्हणजे फार काही गूढ नाही. रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला, एक ब्लॉक बसतो, त्यातून पुढे जाणारी एक्स्टेन्शनची पट्टी, तिच्या टोकाला आकडे कोरलेला उभा बार, आणि त्या बारवर वर-खाली सरकणारी पिन, म्हणजे मधे ठिपका असलेली किंवा रिकामी रिंग. डावी-उजवी करायला वेगळा स्क्रू असतो, त्याला सगळे विंडेज म्हणतात. रिकर्व्हच्या नियमात साइटला भिंग चालत नाही, पाणसळ चालत नाही, आणि नेम धरायचा बिंदू एकच हवा. कंपाउंडवाल्यांची, म्हणजे चाकं असलेल्या धनुष्याची, साइट बघून पुष्कळजण गोंधळतात. तिला भिंगही असतं आणि लेव्हलचा बुडबुडाही. आपल्याला ते नाही. धनुष्य सरळ उभं आहे की नाही हे आपल्या हातालाच कळावं लागतं.

साइट बसवायच्या आधी धनुष्य जागेवर आलेलं असावं. दोरी दोन्ही लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, बरोबर मधून जाते का, ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीचं अंतर, किती (६८ इंची धनुष्याला साधारण साडेआठ ते नऊ इंच), नोकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा, काटकोनापेक्षा काही मिलिमीटर वर आहे का, बाणाचं टोक दोरीच्या रेषेच्या किंचित बाहेर दिसतं का. उजव्या हातानं मारणाऱ्याला ते दोरीच्या डावीकडे दिसायला हवं. यातलं एक जरी हललं तरी साइटचे आकडे बदलतात, म्हणून आधी साइट लावून नंतर लिम्ब बोल्ट आवळणाऱ्याला सगळं पुन्हा करावं लागतं.

आता एक तपासणी, जी बहुतेक नवखे करतच नाहीत. धनुष्य स्टँडवर किंवा दोन खुर्च्यांच्या पाठीवर नीट टेकवा आणि दोरीच्या मागं जाऊन एक डोळा मिटून बघा. दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध दिसेल अशी मान स्थिर करा. मग कुणाला तरी पिन बारच्या अगदी वरच्या टोकापासून अगदी खालपर्यंत हळूहळू सरकवायला सांगा. पिन दोरीच्या जितकी जवळ वर होती, तितकीच खालीही असली पाहिजे. खाली येता येता ती बाजूला सरकत गेली तर बार तिरका बसलाय. ब्लॉकचे स्क्रू सैल करून, गरज पडल्यास खाली पातळ पत्र्याचा तुकडा घालून तो दोरीला समांतर करा. हे नाही केलं तर पुढं असं होतं: ३० मीटरवर ग्रुप, म्हणजे बाणांचा पुंजका, पिवळ्यात, ७० वर तोच ग्रुप डावीकडे लाल-निळ्यात, आणि पोरगं बिचारं स्वतःच्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याला, दोष देत बसतं. साइट चांगली शिबुयाची असो की स्वस्तातली नक्कल, तिरकी बसली की दोन्ही सारख्याच फसवतात.

पहिल्या दिवशी विंडेज दोरीच्या रेषेत, किंवा दोरी आणि बाणाचं टोक यांच्या मधे कुठंतरी ठेवा. उंचीसाठी पिन बारच्या वरच्या भागात. बटापासून, म्हणजे बाण झेलणाऱ्या गादीपासून, दहा-बारा मीटरवर उभं राहा, फेस (रंगीत रिंगांचा कागद) लावू नका, मोकळ्या बटावर एक छोटा कागद चिकटवा आणि मारा. याहून जवळ जाऊन साइट लावायचा मोह होतो, बाण हरवायची भीती असते ना. पण डोळा बाणापेक्षा चार-पाच इंच वर असतो, त्यामुळं अगदी पाच मीटरवर पिन उलट खाली घ्यावी लागते आणि तो आकडा पुढं कशालाच जुळत नाही.

मग येतो तो प्रश्न, जो प्रत्येक नवा मुलगा विचारतोच.

"सर, बाण डावीकडं जायलेत. पिन उजवीकडं घेऊ का?"

"बाण कुठं जायलेत?"

"डावीकडं."

"मग पिन बी डावीकडंच."

बाण जिकडे, पिन तिकडे. वर गेले तर वर, खाली पडले तर खाली. पटत नसेल तर धनुष्य हातात धरून करून बघा: पिन डावीकडे सरकवली की तिला पुन्हा पिवळ्यावर आणायला अख्खं धनुष्य उजवीकडे वळवावं लागतं, आणि बाण उजवीकडे जातो. एकदा हातानं केलं की पाठ करायची गरज उरत नाही.

किती सरकवायची, याचा हिशोब सोपा आहे आणि तो मी सगळ्यांकडून वहीत करून घेतो. डोळ्यापासून पिन अंदाजे ९० सेंटीमीटरवर धरा. ७० मीटर म्हणजे त्याच्या जवळपास ७८ पट. पिन १ मिलिमीटर हलली की ७० मीटरवर बाण सुमारे पावणेआठ सेंटीमीटर हलतो. १२२ सेंटीमीटरच्या फेसवर एक रिंग ६.१ सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे १ मिलिमीटरला एक रिंग, किंचित जास्तच. आणि इनडोअरला १८ मीटरवर? १ मिलिमीटरला २ सेंटीमीटर, आणि ४० सेंटीमीटरच्या फेसवर रिंगही तेवढीच रुंद. दोन्हीकडे हिशोब जवळपास एकच येतो, त्यामुळं तो डोक्यात ठेवायला सोपा. तुमच्या साइटचा एक क्लिक किती मिलिमीटर, ते दहा-वीस क्लिक फिरवून पट्टीनं मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पण एका बाणावर साइट हलवायची नाही. एक बाण आठात डावीकडे गेला की लगेच विंडेजला हात, पुढचा उजवीकडे गेला की पुन्हा हात. असं करणाऱ्याचा संध्याकाळपर्यंत ग्रुपही होत नाही आणि आकडाही मिळत नाही. सहा बाण मारा, जो उघड उघड सुटताना बिघडला तो सोडून द्या, बाकीच्यांचा मध्य कुठं पडतो ते बघा. तसाच दुसरा एंड, म्हणजे बाणांची पुढची फेरी, मारा. मध्य त्याच जागी आला तरच पिन हलवा. ग्रुप परातीएवढा पसरत असेल तर साइटचं कामच नाही. अँकर (ओढलेला हात हनुवटीशी टेकतो ती जागा), क्लिकर (बाण पुरता ओढला की टिक वाजवणारी पट्टी) आणि दोरीची रेषा बघा. दोरी धूसर दिसते ती रिंगच्या कोणत्या बाजूला धरताय, हे रोज बदललं तर बाण रोज डावे-उजवे होणारच. धनुष्य कलंडलं तर ज्या बाजूला वरचा लिम्ब झुकला त्याच बाजूला बाण जातात, आणि पाणसळ नसल्यामुळं हे स्वतःला कळत नाही. मित्राला मागं उभं करून मोबाइलवर शूटिंग घ्यायला सांगा. आणखी एक: नजर पिवळ्यावर, ठिपक्यावर नाही. रिंग थोडी अंधूक दिसली तरी चालते.

विंडेज लावता लावता पिन दोरीपासून लांब, अगदी कडेला जाऊन बसली तर थांबा. दोष बहुधा बटनात (बाणाला बाजूनं टेकण देणारी स्प्रिंगची खुंटी) किंवा लिम्बच्या रेषेत असतो. १८-२० मीटरवर पिसं नसलेले एक-दोन बाण पिसांच्या बाणांबरोबर मारून बघा. उजव्या हाताच्या धनुर्धराचा बिनपिसांचा बाण डावीकडे पडला तर बाण कडक वागतोय, म्हणजे कमी वाकतोय, बटनाची स्प्रिंग जरा सैल करा. उजवीकडे पडला तर आवळा. वर पडला तर नोकिंग पॉइंट थोडा वर घ्या. एवढं झाल्यावर विंडेज पुन्हा लावायचं.

अंतर वाढवताना उडी मारू नका. १८ चा आकडा मिळाला की ३०, मग ४०, ५०, ६०, ७०. दर दहा मीटरला पिन आधीपेक्षा थोडी जास्त खाली घ्यावी लागते, त्यामुळं तीन अंतरांचे आकडे हातात आले की चौथ्याचा अंदाज कागदावर बांधता येतो. आमच्याकडे याला पैशाचंही कारण आहे. ५० वर ३० चा आकडा ठेवून मारलं की बाण बटाच्या अलीकडे पडून गवताखाली घुसतो, आणि पावसाळ्यानंतर त्या काळ्या मातीत कार्बनचा बाण शोधणं म्हणजे अर्धा तास गेला. कधी कधी तो सापडतो तो पुढच्या नांगरटीला, बाजूच्या रानात.

कमी पाउंडेजच्या, म्हणजे ओढायला हलकं धनुष्य असलेल्या, मुलामुलींना ७० ला वेगळीच अडचण येते. पिन इतकी खाली येते की सुटणारा बाण तिला घासेल असं वाटतं. अशा वेळी एक्स्टेन्शन रायझरकडे आत घ्या. पिन डोळ्याच्या जवळ आली की त्याच कोनासाठी ती बारवर वर बसते. बदल्यात प्रत्येक मिलिमीटरचा परिणाम थोडा वाढतो आणि सगळे जुने आकडे रद्द होतात. पट्टीचं कोणतं भोक वापरताय तेही म्हणून वहीत लिहायचं. पाउंडेज वाढवायच्या घाईत खांदा दुखवून घेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

आता आपल्या हवेचं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी इकडं जो गरम वारा सुटतो तो एका दमात वाहत नाही. झोत येतो, थांबतो, पुन्हा येतो. त्या झोतांसाठी विंडेज फिरवत बसू नका. वारा सलग एकाच बाजूनं असेल तर दोन-चार क्लिक द्या, झोतांचा असेल तर नेम पिवळ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला धरा, म्हणजे निशाण सोडून मारा. बटावरची झेंडी बघायची सवय लावा; झेंडी नसेल तर जुन्या ओढणीची चिंधी बांधा, काम तेच. उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. दोरी ताणते, ब्रेस हाइट उतरते, आणि सकाळी लावलेला ७० चा आकडा दुपारी जुळत नाही. त्या वेळी पहिला हात साइटला नको, ब्रेस हाइटच्या पट्टीला हवा. नवी दोरी चढवल्यावरही हेच.

उन्हाचं आणखी थोडं. आपल्याकडे नेमबाजीची दिशा उत्तरेकडे ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पण शाळेच्या मैदानावर जिकडे भिंत तिकडे बट, त्याला इलाज नाही. सकाळी तोंडावर ऊन असेल तर त्या वेळचे आकडे अंतिम समजू नका.

साइटचे स्क्रू कंपनानं सैल होतात. प्रत्येक सत्राआधी ॲलन कीनं ब्लॉक आणि रिंगचा नट बघा. ब्लॉकच्या कडेनं रायझरवर मार्कर पेननं एक बारीक रेघ मारून ठेवलीत तर सरकलेला ब्लॉक लांबूनही दिसतो. पिन हलवल्यावर लॉक आवळायला विसरू नका, आणि आवळताना पिन किंचित सरकते का तेही बघा. स्वस्त साइटमध्ये सरकते. बारच्या कडेला पांढरी कागदी चिकटपट्टी लावून अंतरांच्या रेघा पेन्सिलनं मारा. पेननं मारलेली रेघ पुढच्या आठवड्यात खोडायची वेळ येते.

दुसऱ्याचे आकडे मागू नका. त्याची उंची वेगळी, हनुवटी वेगळी, पाउंडेज वेगळं. वहीत तुमच्या आकड्याशेजारी तारीख, वेळ, पाउंडेज, कोणते बाण आणि वारा कसा होता एवढं असू द्या. स्पर्धेला निघताना त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. एसटीत साइट धनुष्यावर लावलेली ठेवू नका, काढून डब्यात ठेवा. मैदानावर पोचल्यावर ती त्याच भोकात बसवा आणि सरावाच्या बाणांत आधी उंची बघा, मग विंडेज. परक्या मैदानावर बट थोडं उंच-सखल असतंच, दोन-तीन क्लिकचा फरक पडला तर घाबरायचं कारण नाही. दहा क्लिकचा पडला तर ब्रेस हाइट मोजा.