प्राँगहॉर्नची लांब पल्ल्याची शिकार: काडतूस पटकन ठरवा, वारा सावकाश वाचा

ऑगस्ट उजाडला की नवे शिकारी एकच प्रश्न घेऊन येतात: काडतूस कोणतं घेऊ? वाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, सेजब्रशच्या (करड्या खुरट्या झुडपांच्या) माळावर मी बरेच हंगाम प्राँगहॉर्नमागे, म्हणजे तिथल्या हरणासारख्या प्राण्यामागे, फिरलोय. काडतूस चुकलं म्हणून हातचा गेलेला प्राणी मी आजवर पाहिलेला नाही. वारा चुकला म्हणून जखमी होऊन निसटलेले मात्र पाहिलेत, आणि त्यातला एक माझ्या गोळीचा होता.

परवान्याच्या सोडतीचा अर्ज, जमीनमालकाची परवानगी, भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि झीरो केलेली (ठरलेल्या अंतरावर नेम जुळवलेली) रायफल, हे सगळं झालंय असं धरतो. भारतातल्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे काळवीट किंवा चिंकारा मारणं हा गुन्हा आहे. हा लेख अमेरिकेत परवाना काढून केलेल्या शिकारीपुरताच आहे.

काडतूस

.२४३ विंचेस्टर, .२५-०६ रेमिंग्टन, ६.५ क्रीडमोर, ७ मिमी-०८, .२७० विंचेस्टर. यातलं जे तुमच्याकडे आहे ते चालेल. प्राँगहॉर्न पन्नास किलोच्या आसपासचा, हलक्या हाडापेराचा प्राणी. त्याच्यासाठी मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) घ्या असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मॅग्नमचा धक्का खांद्याला बसला की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात, आणि ती खोड मोडायला वर्ष जातं. .२७० विंचेस्टर १९२५ साली आलं आणि आजही पुरून उरतं.

विचार करायचाच तर काडतुसापेक्षा गोळीचा करा. लांब, निमुळती, हवेत वेग टिकवणारी गोळी वाऱ्यात कमी सरकते. ६.५ क्रीडमोरची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चांगली शिकारी गोळी ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर साधारण ५ इंच आणि ४०० यार्डांवर ९ इंच सरकते. .२४३ची नेहमीची १०० ग्रेनची गोळी नळीतून जास्त वेगानं सुटते, तरी ३०० वर ७ आणि ४०० वर १३ इंच जाते. (हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. वायोमिंगच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे ते थोडे कमी होतात. कोणत्या अंतरावर गोळी किती खाली येते आणि वाऱ्यात किती सरकते याचा आपला तक्ता तिथल्या उंचीचा छापून घ्या.) सुरुवातीचा वेग बघून काडतूस घेणारे इथेच फसतात.

जुन्या .२४३ रायफलीत एक अडचण असते. तिच्या नळीतले आटे बहुधा १० इंचांत एक फेरा देणारे असतात, आणि फार लांब गोळ्या त्यात स्थिर राहत नाहीत. विकत घ्यायच्या आधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. पसंत पडलं की एकाच लॉटचे चार-पाच डबे घ्या आणि हा विषय संपवा.

अंतर

लेझरनं मोजा, तक्त्यात बघा, स्कोपचा नॉब फिरवा. झालं.

वारा

आता खरं काम. प्राँगहॉर्नच्या छातीत जिथे गोळी लागायला हवी ती जागा साधारण ८ इंचांची, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ४ इंच. वरची क्रीडमोरची गोळी घ्या. ३०० यार्डांवर वाऱ्याचा अंदाज ५ मैलांनी चुकला तर गोळी अडीच इंच बाजूला जाते, तरीही त्या जागेच्या आतच लागते. ४०० यार्डांवर तीच चूक साडेचार इंचांची होते, म्हणजे गोळी जागेच्या बाहेर. वारा ५ मैलांच्या आत नेमका सांगता येणारी माणसं फार थोडी असतात. म्हणून माझी हद्द ४०० यार्ड, तीही वारा एकसारखा असेल तरच. सोसाट्याच्या दिवशी २५०. ज्याला सहाशे यार्डांवरून प्राण्यावर गोळी झाडायची आहे त्यानं ती लोखंडी पाटीवर झाडावी. पाटी जखमी होऊन घळीत उतरत नाही.

माझ्या दुसऱ्या हंगामात ३८० यार्डांवर एक नर आडवा उभा होता, तोंड वाऱ्याकडे. मी टेकाडाच्या आडोशाला पालथा पडलो होतो. हातातलं वाऱ्याचं मीटर ६ मैल दाखवत होतं. मी तेवढीच दुरुस्ती धरली आणि चाप ओढला. गोळी पोटात लागली. मग मान वर करून पाहिलं तर मधल्या खिंडीतलं वाळलं गवत जवळजवळ जमिनीला टेकलं होतं. तिथून वारा दुपटीनं वाहत होता आणि मी मीटरच्या काचेकडे बघत बसलो होतो. त्या नराला गाठून संपवेपर्यंत संध्याकाळ झाली. माग काढताना सेजब्रशच्या पानांवर हिरवट पाण्यात मिसळलेलं रक्त दिसत होतं. ते मी विसरलेलो नाही.

मीटर फक्त तुम्ही आहात तिथला वारा सांगतं, बाकीचा डोळ्यांनीच वाचावा लागतो.

आधी दिशा. स्वतःला घड्याळाच्या मधोमध धरा, प्राणी बारावर. तीन किंवा नऊवरून येणारा वारा पूर्ण आडवा. एकवरून, म्हणजे ३० अंशांतून येणारा अर्धा धरायचा. ४५ अंशांचा वारा मात्र अर्धा धरू नका. ही चूक सर्रास शिकवली जाते. त्याचा आडवा जोर सात दशांश असतो, आणि दोनवरून आला तर जवळजवळ पूर्णच. सगळ्यात फसवा वारा थेट समोरचा. तो बारावरून एकवर सरकला की त्याचा आडवा जोर शून्यावरून अर्ध्यावर जातो, अकरावर गेला की तेवढाच उलट बाजूला. असा वारा डळमळत असेल तर मी गोळी झाडत नाही, जागा बदलतो.

मग वेग, तीन ठिकाणी: तुमच्यापाशी, मधे आणि प्राण्यापाशी. जमीन सपाट असेल तर तुमच्याजवळच्या वाऱ्याला जास्त वजन द्या, कारण सुरुवातीलाच गोळीला मिळालेला कोन पुढे वाढत जातो. पण तुम्ही आडोशाला असाल तर तुमच्याजवळचा वारा खोटा. उठा, टेकाडाच्या धारेवर या, मीटर डोक्यावर धरून पुन्हा वाचा. मधे घळ किंवा खिंड असेल तर तिथलं गवत दुर्बिणीतून मिनिटभर बघा. बारीक फांद्या आणि पानं सतत हलत असतील तर वारा साधारण ८ ते १२ मैलांचा, धूळ उडायला लागली की १३च्या वर.

ऊन असेल तर मृगजळासारखा दुसरा सोबती नाही. दुर्बिणीचा फोकस प्राण्यावर आणा आणि मग किंचित अलीकडे ओढा. झळा दिसायला लागतील. त्या सरळ वर उकळत असतील तर वारा नाही, किंवा तो थेट तुमच्या रेषेतून वाहतोय. तिरक्या झुकल्या की ३ ते ५ मैल. ओढ्याच्या पाण्यासारख्या आडव्या वाहू लागल्या की ८-१० मैल. त्याच्या वर झळा नुसत्या पळतात, वेग कळत नाही. मग गवताकडे वळा.

आकडा मनात बसवायला एक सोपा हिशेब. क्रीडमोरच्या या गोळीसाठी ६ मैलांचा पूर्ण आडवा वारा दर शंभर यार्डांना ०.१ मिल (मिल हे स्कोपवरचं कोनाचं माप) खातो. म्हणजे ४०० यार्डांवर ०.४ मिल, वारा १२ मैलांचा असेल तर ०.८. तुमच्या गोळीचा हा आकडा तक्त्यातून काढून रायफलच्या दस्त्यावर चिकटवा. प्राणी समोर असताना फोनमध्ये डोकं घालायला वेळ नसतो.

शेवटी प्राण्याचं तोंड कुठे आहे ते बघा. हे कोणी सांगत नाही. तोंड वाऱ्याकडे असेल तर गोळी मागे, पोटाकडे सरकते. तेव्हा अंदाज ८ ते १२ मैल असेल तर १२ धरा. पाठ वाऱ्याकडे असेल तर गोळी पुढे सरकते, तेव्हा ८ धरा. दोन्ही वेळा चूक पुढच्या बाजूला पडते: खांद्यात किंवा छातीसमोरून रिकामी. पोटात नाही. वारा चढउतार करत असेल तर घाई करू नका. तुम्ही ज्या वेगाचा हिशेब केलाय तो परत येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. नाही आला तर उठा आणि शंभर यार्ड जवळ जा. घळीतून रांगत जाता येतं, गुडघ्यांना कातडी पट्टे बांधा. त्या माळावर निवडुंग असतो.

हे सगळं हंगामात शिकता येत नाही. उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिवशीच सरावाला जा. आधी अंदाज बोलून दाखवा, मग मीटर बघा, मग गोळी झाडा, आणि तिन्ही गोष्टी वहीत लिहा. मी पहिल्या वहीत जवळजवळ सगळीकडे वारा कमी धरला होता.

गोळी लागल्यावर

लगेच दुसरं काडतूस नळीत. प्राणी उभा असेल तर पुन्हा झाडा. पडला की काही मिनिटं स्कोपमधून बघत राहा, मग मागच्या बाजूनं जवळ जा. सप्टेंबरच्या दुपारी ऊन चांगलंच तापतं आणि हे मांस पटकन बिघडतं. जागेवरच आतडी काढा, कातडं लगेच उतरवा आणि छातीच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या घाला. फोटो त्यानंतर.